आत्मवंचना (अस्तित्ववाद)

अस्तित्ववादी (माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो असे मानणारे) फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र (१९०५–१९८०) यांच्या विचारातील कळीची संकल्पना. निवड आपल्याच हाती आहे हे माहीत असूनही ते स्वतःपासून लपवणे, म्हणजे आत्मवंचना. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे प्रसिद्ध झालेल्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) या ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

एरवी फसवणाऱ्याला सत्य ठाऊक असते, फसणाऱ्याला नसते. आत्मवंचनेत दोघे एकच. मग फसवणूक होते कशी? मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने मनात एक पहारेकरी कल्पिला होता, नको त्या इच्छा अडवणारा. सार्त्र यांचा आक्षेप नेमका आहे: काय अडवायचे हे पहारेकऱ्याला कळत असेल, तर ते त्याला माहीत असणारच, आणि पेच होता तिथेच राहतो. त्यांच्या मते मूळ आहे माणसाच्या दुहेरी घडणीत. जन्म, शरीर, भूतकाळ आयते मिळतात. त्यांचे पुढे काय करायचे ते आयते मिळत नाही, ठरवावे लागते. यांतले एक अंग सोयीने विसरता येते.

कॅफेतल्या वेटरचे उदाहरण सर्वांत गाजले. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, वाकणे जरा जास्तच अदबीचे. दौत जशी दौतच असते, तसा आपण वेटरच आहोत असे तो वठवतो. उदाहरण चटकदार खरे, पण काहीसे अन्यायाचे. गिऱ्हाइकांनाच हा अभिनय हवा असतो, हे सार्त्रही नोंदवतात. नोकरी टिकवण्याची गरज मात्र विश्लेषणात फारशी उतरत नाही. त्याहून खोल जाते ते प्रामाणिकपणाचे विवेचन. ‘मी आहेच तापट’ ही कबुली वरवर सरळ दिसते. पण स्वभाव दगडासारखा ठरीव मानला की उद्याच्या रागाची जबाबदारी आजच झटकता येते.

फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हार यांनी स्त्रियांच्या स्थितीवरील ‘द सेकंड सेक्स’मध्ये (१९४९) एक आवश्यक भेद केला: स्वातंत्र्याचा त्याग स्वतःहून केला असेल तर तो नैतिक दोष, लादलेला असेल तर ते दमन. पुढे सार्त्र यांचीही भूमिका बदलली. परिस्थिती कशीही असो, फितूर व्हायचे की नाही हे माणूस नेहमीच ठरवू शकतो, असे आपण एकेकाळी खरोखर मानत होतो, याचे १९६९मधील एका मुलाखतीत त्यांना नवल वाटले. परिस्थितीने जे घडवले ते जसेच्या तसे परत न करणारी छोटीशी हालचाल, एवढाच स्वातंत्र्याचा अर्थ त्यांनी तेव्हा राखला.