‘नाही’ हे उत्तरही साठवलं जातं

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा अमेरिकेत व्हर्जिनियातला भाग कोलमडला आणि जगभरातली कितीतरी अ‍ॅप्स बंद पडली. तिथल्या एका मोठ्या डेटाबेसच्या नावापुढची डीएनएस नोंद चुकून रिकामी झाली होती. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची वही. पत्ताच मिळेना, मग तिथे पोचायचं कसं? भारतीय वेळेनुसार दुपारी २:५५ ला नोंद पूर्ववत झाली, तरी सगळ्यांना पत्ता मिळेपर्यंत ३:१० वाजले. दुरुस्ती झाल्यावरही ही पंधरा मिनिटं का लागली, हे कळलं की घरच्या कॉम्प्युटरवर एखादी साइट का उघडत नाही, तेही बरंचसं कळतं.

आपण साइटचं नाव टाइप करतो, पण कॉम्प्युटरला हवा असतो आकड्यांचा आयपी पत्ता. तो आधी स्वतःच्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये बघतो. तिथे नसेल तर इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला विचारतो. तो सर्व्हर मग सर्वांत वरच्या ‘रूट’ सर्व्हरला, त्यानंतर ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ सांभाळणाऱ्यांना आणि शेवटी त्या साइटच्या अधिकृत सर्व्हरला विचारतो. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही रचना मांडली. प्रत्येक वेळी एवढी पायपीट नको म्हणून उत्तरासोबत मुदतही येते, तिला टीटीएल म्हणतात. मुदत संपेपर्यंत साठवलेलं उत्तरच वापरलं जातं. अ‍ॅमेझॉनची ती पंधरा मिनिटं अशा साठवलेल्या उत्तरांची मुदत संपण्यातच गेली.

खरी गंमत पुढे आहे. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरसुद्धा साठवलं जातं! इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या, १९९८ च्या आरएफसी २३०८ या दस्तऐवजात ते दिले आहेत. नसलेल्या नावाला स्वतःची नोंद नसते, मग मुदत कुठून आणायची? त्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या मूळ नावाच्या, ‘एसओए’ या मुख्य नोंदीतून: तिचा स्वतःचा टीटीएल आणि तिच्यातला ‘मिनिमम’ हा शेवटचा रकाना, यांपैकी लहान आकडा धरतात. समजा, भावाच्या दुकानाच्या साइटचं नाव अजून चालू व्हायचं होतं आणि तुम्ही उत्साहाने आधीच उघडून पाहिलंत. ते ‘नाही’ आता इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवर बसलं. नाव चालू झालं, पुण्यातल्या मावशीकडे साइट उघडली, पण तुमच्याकडे आणि तोच सर्व्हर वापरणाऱ्या शेजाऱ्यांकडे ती उघडत नाही. अशा वेळी कॉम्प्युटर दहादा रीस्टार्ट केला तरी उपयोग नाही, कारण ‘नाही’ कॉम्प्युटरच्या बाहेर, त्या सर्व्हरवर बसलंय.

ते कुठे आहे हे शोधता येतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ आणि पुढे साइटचं नाव द्या (टाइप अर्थात इंग्रजीत). मग तेच नाव, पुढे १.१.१.१ लिहून, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरला विचारा. पहिला ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणतो आणि दुसरा पत्ता देतो? मग बहुधा जुनं उत्तर तुमच्या कंपनीच्या सर्व्हरवर किंवा राउटरमध्ये आहे. मुदत संपेपर्यंत थांबा किंवा डीएनएस सर्व्हर बदला. दोन्हीकडे पत्ता नीट येतो, पण ‘पिंग’ या जोडणी तपासणाऱ्या कमांडला किंवा ब्राउझरला नाव सापडत नाही? मग दोष कॉम्प्युटरच्याच साठ्यात किंवा हॉस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि पत्त्यांची कॉम्प्युटरवरचीच यादी) असू शकतो, कारण एनएसलुकअप हे दोन्ही टाळून थेट सर्व्हरला विचारतं. दोष साठ्यात असेल, तर तो रिकामा करणारी ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही कमांड लागू पडते.

‘डीएनएस बदला, नेटचा स्पीड दुप्पट’ सांगणारे व्हिडिओ मात्र सोडून द्या. पत्ता शोधण्याचे काही मिलिसेकंद वाचतील. तुमच्या लाइनची क्षमता तेवढीच राहते.

आणि ‘सर्व्हर फेल्ड’ असं उत्तर आलं, तर ते ‘नाही’ नव्हे. विचारणाऱ्या सर्व्हरला उत्तर मिळवता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे अपयश पाच मिनिटांपेक्षा जास्त साठवायचं नाही, असं आरएफसी २३०८ हाच दस्तऐवज बजावतो. तेव्हा थोडं थांबून पुन्हा विचारा. १.१.१.१ कडूनही तेच येत राहिलं, तर बिघाड बहुधा साइटच्या बाजूला आहे.