पलीकडच्या वर्गाला

सहलीहून आल्यावर निबंध लिहायचा, बाईंनी तो लाल शाईने तपासायचा आणि वही दप्तरात परत जायची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. आता काही शाळांतली मुलं गडावर चढताना फोटो काढतात, परतल्यावर संगणकावर त्याचा छोटासा खेळ किंवा चित्रफीत करतात आणि ती दुसऱ्या गावच्या, कधी दुसऱ्या देशातल्या वर्गाला धाडतात. बघणारा म्हणतो, काय हो ही टेक्नॉलॉजी! पण या गोष्टीत संगणक फार उशिरा आला. त्याच्या आधी आला हातछपाईचा छापखाना, आणि त्याच्याही आधी एका मास्तरांचं अधू फुप्फुस.

हे मास्तर म्हणजे सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात गोळी लागलेली, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलणं त्यांना झेपत नसे. 1920 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या डोंगराळ गावात ते शाळेवर रुजू झाले आणि बोलायचा त्रास वाचवायला म्हणा किंवा मुलांची चुळबुळ पाहून म्हणा, मुलांना घेऊन गावात फिरायला निघू लागले. विणकर, सुतार, लोहार यांची कामं बघायची, ओढ्याकाठी रेंगाळायचं, परत येऊन पाहिलेलं फळ्यावर लिहायचं. फळा पुसला की सगळं गेलं, ही खंत त्यांना डाचत होती. मग त्यांनी एक लहानसा छापखाना आणला. मुलं शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे जुळवून आपलाच मजकूर छापू लागली.

आता छापलेलं वाचणार कोण? घरचे एकदा वाचतील, दोनदा वाचतील. 1920 च्या दशकाच्या मध्यावर देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगँक इथल्या एका शिक्षकांनीही असाच छापखाना घेतला आणि दोन्ही वर्गांची टपालाने देवाणघेवाण सुरू झाली. इकडे डोंगर आणि संत्र्याच्या फुलांचा व्यापार, तिकडे समुद्र आणि मासेमारी. जे रोज डोळ्यांसमोर होतं ते समुद्राकाठच्या मुलाला समजेल असं लिहायचं, म्हणजे आधी स्वतः नीट बघायला हवं. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. छापखाना महत्त्वाचा होताच, पण खरी ओढ होती ती पलीकडे कुणीतरी वाट बघतंय याची.

आपल्याकडेही याची भावंडं सापडतात. शाळांची हस्तलिखितं होतीच, फक्त त्यांची एकच प्रत निघायची आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात जायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणावर न्यायची. आणि साने गुरुजींनी स्वातंत्र्यानंतर लगेचच आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, एकमेकांकडे जावं-यावं. फ्रेने आणि गुरुजी एकमेकांना भेटले असते तर दुभाष्याची गरज पडली असती, पण फार वेळ नाही.

संगणकाचा धागा वेगळ्याच ठिकाणी सुरू होतो. 1967 मध्ये अमेरिकेत सीमोर पेपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. ‘पुढे 50, उजवीकडे 90’ असं सांगितलं की पडद्यावरचं कासव सरकतं आणि रेघ उमटते. पेपर्ट आधी जिनिव्हात, मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेंसोबत काम करून आलेले, त्यामुळे त्यांचा आग्रह एकच: यंत्राने मुलाला शिकवायचं नाही, मुलाने यंत्राला शिकवायचं.

हा आग्रह आपल्यापर्यंत येता येता बराच विरघळला. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि सुरुवातीला सुमारे 250 शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. त्या काळाच्या मानाने धाडस होतं. पण पुढे आपल्याकडे ‘संगणक’ हा स्वतःच एक विषय होऊन बसला. चपला बाहेर काढायच्या, यंत्रावरचं प्लास्टिकचं आवरण सरांनीच उचलायचं, आठवड्यातून एक तास, एका पडद्यापुढे चौघं. खोलीला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. मीही अशाच एका शाळेत शिकलो. इनपुट आणि आउटपुट यंत्रांची यादी पाठ आहे, पण त्या वर्षात मी तिथे काय बनवलं ते मात्र आठवत नाही. कारण काही बनवलंच नव्हतं, आणि बनवलं असतं तरी दाखवायचं कुणाला?

इकडे ‘क्लास’ सुरू होत होता नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत काही शिक्षक साध्या ॲपल-2 यंत्रांना टेलिफोनची तार जोडत होते. सॅन दिएगोचे अल रॉजर्स यांनी ‘फ्रेडमेल’ उभं केलं. एका शाळेचं यंत्र रात्री, फोनचे दर उतरल्यावर, दुसऱ्या शाळेच्या यंत्राला फोन लावायचं आणि दिवसभरात साठलेली मुलांची पत्रं पुढे ढकलायचं. 1985 मध्ये सुरू झालेल्या ‘दे ओरिया आ ओरिया’, म्हणजे ‘या तीरावरून त्या तीरावर’, या उपक्रमाने पोर्तो रिको आणि अमेरिकेतल्या वर्गांच्या जोड्या लावल्या, आणि त्यामागच्या शिक्षकांनी फ्रेनेंचा वारसा उघडपणे सांगितला. त्यांच्या एका प्रकल्पात मुलांनी घरच्या आजी-आजोबांकडून म्हणी गोळा केल्या आणि एकमेकांना पाठवल्या. संगणकाचं काम घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसापासून सुरू झालं, ही मला यातली सर्वात गोड गोष्ट वाटते.

1988 मध्ये शीतयुद्ध पुरतं संपलेलं नसताना न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा जोडल्या गेल्या. त्यातूनच पुढे देशोदेशीच्या शाळा जोडणारी आयअर्न ही संस्था उभी राहिली. तिचं भारतातलं केंद्र पुण्यात आहे. आयअर्नचा एक प्रकल्प ऐकायला पोरकट वाटेल. दोन वर्ग एकमेकांना टपालाने कापडी अस्वल पाठवतात. पाहुणं आलेलं अस्वल यजमान मुलांच्या घरी मुक्काम करतं, सणावाराला जातं आणि रोजनिशी ईमेलने मायदेशी धाडतं. रोजनिशी अर्थात यजमान मुलंच लिहितात, अस्वलाच्या नजरेने. आपण रोज पोळी कशी खातो, हे पाहुण्याच्या डोळ्यांनी लिहून पाहा. भलतंच अवघड आहे.

प्रवास दुसऱ्या बाजूनेही वर्गात शिरला. 1985 मध्ये टायटॅनिकचे अवशेष शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांच्याकडे मुलांच्या पत्रांचा ढीग पडला, आणि 1989 पासून त्यांनी समुद्रमोहिमांचं थेट प्रक्षेपण मुलांपर्यंत नेलं. त्याच सुमारास अमेरिकेतले वर्ग आपापल्या गावचा पाऊस किती आम्लधर्मी आहे ते मोजून आकडे एकत्र करू लागले. बॅलार्ड यांची मोहीम जास्त दिमाखदार होती, पण पावसाच्या प्रयोगात आकडा मुलाचा स्वतःचा होता. त्याच्या गावचा आकडा नसेल तर नकाशावर तिथे भोक पडणार.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, पण शाळांपर्यंत ते झिरपायला बरीच वर्षं गेली. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने ‘स्क्रॅच’ खुलं केलं, मुलांना संगणकावर स्वतःचे खेळ रचता येतील असं. मुलाने केलेला खेळ दुसऱ्याने उघडायचा, आतली रचना बघायची, बदलायची आणि पुन्हा सगळ्यांसमोर ठेवायची. 2014 च्या सुमारास फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत शिक्षणात प्रयोग करणाऱ्या सुगत मित्रांच्या कल्पनेतली, मुलांनी इंटरनेटवर आपलं आपण शिकायची एक प्रयोगशाळा सुरू झाली. या उपक्रमात परदेशातली वडीलधारी मंडळी पडद्यावरून मुलांशी गप्पा मारत. लोक त्यांना कौतुकाने ‘आज्या’च म्हणत.

आणि मग परितेवाडी. माढा तालुक्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले 2009 मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, शिवाय इतर देशांतल्या वर्गांना पडद्यावरून सहली घडवल्या आणि वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करणारा प्रकल्प चालवला. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

गाजले ते क्यूआर कोड, आणि सरकारने उचलले तेही तेच. आज पाठ्यपुस्तकांत ते छापलेले असतात. फोन धरला की धडा उघडतो, कविता ऐकू येते. मुलाने गडावर काय पाहिलं, हे त्या चौकोनातून उलट दिशेने कुठे जात नाही. एसटीचं निम्म्या तिकिटाचं पत्र घेऊन सहल जाते, परत येते, निबंध लिहिला जातो. वही तपासून होते.