एकच निरोप: काट्याच्या जखमेत आणि सुजलेल्या सांध्यात

बाभळीचा काटा पायात मोडला की काही तासांतच त्याभोवतीची जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. याचा दोष आपण जंतूंना देतो. पण ही लक्षणे बहुतांशी आपल्याच पेशींनी एकमेकींना धाडलेल्या निरोपांमुळे उमटतात.

कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम पहाऱ्यावर असतात. काट्याबरोबर शिरलेल्या जिवाणूंच्या आवरणावरील ठरावीक रेणू ओळखले की त्या सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडू लागतात. त्यांतलेच एक टीएनएफ. ज्या पेशीवर टीएनएफचा ग्राही (त्याला पकडणारे प्रथिन) असतो, तिलाच हा निरोप कळतो. जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना तो पोहोचला, की त्या आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने आणतात. रक्ताच्या वेगाने वाहत चाललेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तिथे अडखळते, भिंतीला लागून गडगडत जाते, थांबते, चपटी होते आणि अस्तरातील दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. पुढची वाट तिला आयएल-८ हा दुसरा रेणू दाखवतो. जिकडे त्याचे प्रमाण जास्त, तिकडे ती सरकत जाते. डोळे नाहीत, कान नाहीत, तरी ती नेमकी काट्यापाशी पोहोचते, याचे मला दर वेळी नव्याने नवल वाटते.

मात्र हा निरोप जागच्या जागी राहायला हवा. जंतुसंसर्ग रक्तात पसरून अंगभर टीएनएफ सुटले, तर सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि रक्तदाब कोसळून जिवावर बेतते.

काही माणसांत काटा नसतानाही निरोप चालूच राहतो. संधिवाताच्या ऱ्हुमॅटॉइड प्रकारात सांध्यांच्या अस्तरात टीएनएफ सतत तयार होते आणि कूर्चा व हाड झिजत जाते. लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनला अशा रुग्णांना टीएनएफला पकडून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड देऊन पाहिले. एवढ्या गुंतागुंतीच्या संभाषणातला एकच रेणू अडवून काय साधणार, अशी शंका तेव्हा रास्तच होती. पण सूज आणि वेदना खरोखरच उतरल्या.

या औषधांची दुसरी बाजू आपल्या देशात फार महत्त्वाची आहे. भारतात असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जिवाणू सुप्तावस्थेत असतात. त्यांच्याभोवती मॅक्रोफेज व इतर पेशी दाटीने जमून गाठ तयार करतात, आणि ती गाठ अभेद्य ठेवण्यासाठी टीएनएफच लागते. ते अडवले तर गाठ ढासळून क्षय उसळू शकतो. बोटांचे सांधे सुजलेले असताना छातीचा एक्स-रे कशाला, असे रुग्णाला वाटणे साहजिक आहे. पण तो याचसाठी काढतात. सुप्त क्षय आढळला तर त्यावरची औषधे आधी सुरू करतात आणि सहसा निदान महिनाभराने टीएनएफरोधक इंजेक्शन देतात.