वाढपी की आचारी? व्हिडिओ मीटिंगसाठी सर्व्हर घेताना

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका क्लासवाल्या सरांनी मला सर्व्हरचं कोटेशन दाखवलं. प्रोसेसरचे ३२ कोअर, १२८ जीबी रॅम, वर ग्राफिक्स कार्ड. इंटरनेट मात्र घरचंच, अपलोड ५० एमबीपीएस. "भाऊ, मीटिंग अटकते, म्हणून मोठं मशीन घेतो." चालतं कशावर, विचारलं, तर जित्सीवर, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणाऱ्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरवर. मग मशीनचा दोषच नव्हता.

मीटिंगचे सर्व्हर दोन जातींचे, एसएफयू आणि एमसीयू. नावं जुळ्यांसारखी, पण कामात पंगतीतल्या वाढप्याइतका आणि आचाऱ्याइतका फरक.

एसएफयू म्हणजे वाढपी. तुमचा व्हिडिओ जसा आला तसा बाकीच्यांच्या पानात वाढतो, नव्याने शिजवत बसत नाही. जित्सी यातलंच. साध्या वापराला ४ कोअर आणि ८ जीबी रॅम पुरते. ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून राहील. वाढप्याला वाट रुंद लागते, म्हणून हिशेब लाईनचा करायचा. २० जण, सगळ्यांचे कॅमेरे चालू, प्रत्येकी १ एमबीपीएस: आत येणार २०, बाहेर जाणार २० गुणिले १९, म्हणजे ३८०. छोट्या चौकटींना हलक्या दर्जाचा व्हिडिओ जातो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा उतरतो. पण सरांकडे एकट्या सरांचा कॅमेरा आणि समोर ६० मुलं, तरी ६० एमबीपीएस झालेच. पन्नासात कसे बसणार?

एमसीयू आचारी. सगळ्यांचे व्हिडिओ उलगडतो, एका चित्रात मांडतो, पुन्हा एन्कोड करून, म्हणजे नव्याने व्हिडिओत बांधून, प्रत्येकाला एकच ताट देतो. खेड्यातल्या बारीक नेटवर, जुन्या मोबाईलवर हे सोसतं. पण शेगडी सतत पेटलेली, कोअर इथे खरंच लागतात.

गोंधळ होतो तो मिश्र प्रकारात. बिगब्लूबटन हे ऑनलाईन क्लासचं सॉफ्टवेअर व्हिडिओ नुसता वाढतं, आवाज मात्र फ्रीस्विच नावाच्या भागात एकत्र करतं. म्हणून त्याला ८ कोअर, १६ जीबी रॅम आणि एकेका कोअरचा वेग चांगला लागतो. आणि जित्सीवर रेकॉर्डिंग हवं असेल, तर जिब्री नावाचा भाग आतल्या आत क्रोम उघडून मीटिंग बघतो आणि एन्कोड करतो. एका रेकॉर्डिंगला एक जिब्री. म्हणजे वाढप्याच्या घरात आचारी आला. त्याला वेगळं मशीन दिलेलं बरं, नाहीतर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की मीटिंग हलते.

सरांनी शेवटी ८ कोअर घेतले आणि उरलेले पैसे अपलोड-डाउनलोड दोन्हीकडे सारखा वेग देणाऱ्या लीज्ड लाईनवर घातले.

जागा मात्र त्यांनी खिडकीतल्या कूलरसमोर निवडली होती. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा सुचतं असं. पण कूलरची हवा ओली; जुन्या मशीनचं झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर ओलसर धुळीचा चिखल वाळून बसलेला. नवीन मशीन आता आतल्या खोलीत एसीखाली आहे. कूलर मुलांकडे वळवलाय.