फॉल्ट टॉलरन्स (व्हर्च्युअल मशीन)

फॉल्ट टॉलरन्स ही व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, अखंड चालू ठेवण्याची पद्धत आहे. तीत चालू मशीनची जिवंत प्रत दुसऱ्या होस्टवर, म्हणजे वेगळ्या भौतिक सर्व्हरवर, सतत तयार ठेवतात. पहिला होस्ट बंद पडला की दुय्यम प्रत काम हाती घेते. मेमरीतली माहिती आणि चालू नेटवर्क जोडण्या टिकून राहतात. साध्या हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टरमध्ये (एकमेकांना पर्याय म्हणून जोडलेल्या होस्टच्या गटात) असे होत नाही. तिथे मशीन दुसऱ्या होस्टवर नव्याने बूट होते, त्यात वेळ जातो आणि मेमरीतले सगळे पुसले जाते.

हायपरवायझरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पातळीवर हे करता येते, हे टॉमस ब्रेसूड व फ्रेड श्नायडर यांनी १९९५ मध्ये दाखवले. व्हीएमवेअर कंपनीने २००९ मध्ये आपल्या व्हीस्फिअर ४ या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आणली. सुरुवातीच्या पद्धतीत इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारे संकेत), घड्याळाची वेळ, आलेले पॅकेट (नेटवर्कवरून येणारे माहितीचे तुकडे) अशा आधी सांगता न येणाऱ्या घटनांची नोंद दुय्यम मशीनकडे जाई आणि ते त्याच सूचना त्याच क्रमाने चालवी. एकाहून अधिक प्रोसेसर आले की मेमरी वापराचा क्रम जुळवणे फार महाग पडते; म्हणून तेव्हा एकाच व्हर्च्युअल प्रोसेसरची मर्यादा होती. २०१५ च्या व्हीस्फिअर ६ ने ही पद्धत सोडून वेगवान चेकपॉइंट स्वीकारले. त्यात बदललेली मेमरी थोड्याथोड्या वेळाने पलीकडे पाठवली जाते. मर्यादा चार प्रोसेसरांवर गेली, पुढे २०१८ मध्ये आठवर. झेन हायपरवायझरवरील रीमस प्रकल्पाने चेकपॉइंटचा मार्ग २००८ मध्येच दाखवला होता. तो सेकंदाला ४० वेळांपर्यंत चेकपॉइंट घेऊ शके.

या साऱ्या रचनेचा कणा म्हणजे बाहेर जाणाऱ्या उत्तरावरचा निर्बंध. समजा, प्राथमिक मशीनने ग्राहकाला ‘पैसे जमा झाले’ असे कळवले आणि ही गोष्ट दुय्यम मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच प्राथमिक मशीन बंद पडले. मग दुय्यम मशीनच्या लेखी तो व्यवहार झालेलाच नसतो. असे होऊ नये म्हणून दुय्यम मशीनकडून पोच येईपर्यंत प्रत्येक पॅकेट रोखून धरतात. इथेच या पद्धतीची खरी किंमत मोजावी लागते: प्रत्येक उत्तराला थोडा उशीर होतो. दोन होस्टमध्ये १० गिगाबिटचे स्वतंत्र नेटवर्क असावे हा आग्रह त्यामुळेच. ते इतर वाहतुकीसोबत वाटून घेण्याची काटकसर करू नये.

होस्ट शाबूत असून फक्त मधले नेटवर्क तुटले, तर दोन्ही मशीन स्वतःला प्राथमिक समजू शकतात. सामायिक स्टोरेजवर एक खूण ठेवून हे टाळतात. जे मशीन आधी खूण करील, तेच पुढे चालते.

दुय्यम मशीनने सूत्रे घेतल्यावर क्लस्टर तिसऱ्या होस्टवर नवी प्रत उभी करतो. ती तयार होईपर्यंत मशीनला संरक्षण नसते, म्हणून क्लस्टरमध्ये किमान तीन होस्ट ठेवणे शहाणपणाचे.

हे संरक्षण हार्डवेअरच्या बिघाडापुरतेच आहे. ऑपरेटिंग सिस्टम कोसळली, चुकीच्या आज्ञेने डेटा पुसला गेला किंवा रॅन्समवेअर शिरले, तर तेच दुय्यम मशीनवरही जसेच्या तसे उमटते. त्यासाठी बॅकअप आणि अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवरचे क्लस्टरिंग वेगळे करावे लागते.