सोंगाड्या (कोल्हापूर परिसर)

सोंगाड्या : तमाशाच्या फडातील विनोदी नट. सोंग आणतो तो सोंगाड्या, अशी या शब्दाची सरळ फोड. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मात्र हा शब्द फडापुरता राहिलेला नाही. सोंगी भजनातला गमत्या, वगातला (तमाशातल्या कथानाट्यातला) शिपाई, बोलपटातला नोकर, रेडिओवरच्या श्रुतिकेतला म्हातारा आणि पडद्यामागे उभा राहून दुसऱ्याच्या तोंडात आपला आवाज घालणारा कलावंत या सगळ्यांची मुळे इथे एकाच पेशात सापडतात. या पेशाचे भांडवल म्हणजे आवाज. चेहरा, रंग, धोतराचा सोगा, डोक्यावरची वाकडी टोपी हे सगळे नंतरचे. कंदिलाच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या रांगेला चेहरा दिसतच नसे. तिथवर पोचायचा तो आवाजच.

सुरुवात बहुधा गावातच होते. कोल्हापूरच्या खेड्यांत सोंगी भजनाची चाल जुनी आहे. पखवाज-टाळांच्या साथीने भजन चालू असताना मधेच एखादा भारुडातला जोशी, वासुदेव किंवा भांडखोर सासू होऊन पुढे येतो. ज्या पोराला चारदोन माणसांच्या नकला जमतात, त्याला गाव आपणहून पुढे ढकलते. तिथून फडात जाण्याचा रस्ता फार लांबचा नव्हता. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतो. चैत्रात जोतिबाची यात्रा आणि तिच्या मागेपुढे गावोगावच्या जत्रा, म्हणजे सुपाऱ्यांचे दिवस. रोज नवे गाव, रात्रभर बारी म्हणजे तमाशाचा खेळ, सकाळी पुन्हा गाडीत. पावसाळ्यात घरची शेती नाहीतर मजुरी.

ढोलकीच्या फडात कार्यक्रमाचा क्रम गण, गौळण, बतावणी (विनोदी सवाल-जवाबांची बोलाचाल), वग असा. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर मावशी असते, आणि ती पुरुषच करतो. चांगला सोंगाड्या मावशी करताना बायकी आवाज काढण्याच्या भानगडीत पडत नाही, तो बायकी ठसका काढतो. आवाज आपलाच, जरा घशात दाबलेला. पण वाक्य जिथे तुटते, जिथे हेल जातो, जिथे पदर सावरायला म्हणून श्वास घेतला जातो, त्या जागा बाईच्या. नुसता बारीक आवाज काढणाऱ्याला प्रेक्षक पहिल्या मिनिटाला हसतात आणि पाचव्या मिनिटाला कंटाळतात.

खरी परीक्षा वगात. पारंपरिक वगाची संहिता लिहिलेली नसे; कथेचा सांगाडा ठरलेला, बोलणे जागेवर. राजा, प्रधान, सावकार आपापल्या गोष्टीत अडकलेले असतात. सोंगाड्या मात्र एक पाय गोष्टीत आणि एक पाय गावात ठेवून उभा असतो. राजा विचारतो, "शिपाई, प्रजा सुखी आहे ना?" शिपाई म्हणतो, "लई सुखी हाय म्हाराज. सकाळच्या यष्टीची वाट बघत दिस मावळूस्तवर निवांत बसल्यात." आता या गावाला एसटी येते की नाही, आली तर किती वाजता, सरपंच कोण, पाण्याच्या टाकीचे काम कुठे अडले हे त्याने संध्याकाळी चहाच्या गाड्यावर काढून ठेवलेले असते. आपल्याकडे याला हजरजबाबीपणा म्हणतात. तो उपजत असेलही, पण त्याचा निम्मा भाग या संध्याकाळच्या चौकशीचा आहे, हे विसरू नये.

या चौकशीत तो माणसांचे आवाजही गोळा करतो. तलाठी, मास्तर, हवालदार, दारुडा, म्हातारा, भटजी असा आवाजांचा संच प्रत्येकाकडे असतो आणि तो वाढत राहतो. म्हातारा करायचा तर ओठ दातांवर आत ओढून घ्यायचे. 'स' आणि 'श' आपोआप पसरतात. दारुड्याची खूण बरळण्यात नसून उशिरात आहे : प्रश्न संपल्यावर दोन मात्रा थांबून, फार शहाणपणाने दिलेले उत्तर. दोन आवाजांत स्वतःशीच भांडण लावणे हा हुकमी डाव; ढोलकीवाला मधे एक थाप टाकून त्याला फळी बदलायला वेळ देतो. ढोलकीवाल्याशी ज्याचे पटत नाही, त्याचा विनोद कितीही चांगला असला तरी पडतो.

बोलीचा भाग स्वतंत्रपणे सांगायला हवा. कोल्हापूरच्या बोलीत बायकाही 'मी येतो', 'मी जातो' असेच म्हणतात. 'काय करालायस', 'व्हय की', 'न्हवं' ही रूपे आणि वाक्याच्या शेवटी वर जाणारा 'की' हे इथले ओळखपत्र. बाहेरचा नट 'लई भारी' आणि 'नाद खुळा' एवढे दोन शब्द घेऊन कोल्हापुरी होऊ बघतो आणि फसतो. इथल्या आजीच्या तोंडी कुणी सुधारून 'मी येते' घातले की ती आजी तिथेच संपते. दूरचित्रवाणीवर 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६) या कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात चित्रित झालेल्या मालिकेने 'चालतंय की' घरोघर नेले. त्यामागेही शब्दापेक्षा तो म्हणण्याचा संथपणा अधिक होता.

कोल्हापूरला विनोदी नटाच्या पुढ्यात ध्वनिक्षेपक आला तो चित्रपटामुळे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे 'सैरंध्री' (१९२०) आणि नंतरचे चित्रपट मूक होते. तिथे सोंग होते, आवाज नव्हता. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, तोही मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत. त्या काळी बोलणे आणि गाणे चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होई. म्हणजे नटाला एकच प्रसंग दोन भाषांत रंगवायचा, ध्वनिक्षेपकाच्या टप्प्यात राहायचे आणि टप्पा दिसूही द्यायचा नाही. त्या चित्रपटात नारद झालेले मास्टर विनायक (जन्म १९०६, कोल्हापूर) पुढे विनोदी चित्रपटाचे मोठे नाव झाले. १९३६ साली त्यांनी बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांच्यासह हंस पिक्चर्स काढली. आचार्य अत्रे यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' (१९३८) याच संस्थेचा. विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'लग्न पहावे करून' (१९४०) मध्ये दामूअण्णा मालवणकर यांचा चिमणराव आणि विष्णुपंत जोग यांचा गुंड्याभाऊ ही जोडी जमली. इथे विनोद शहरी, मध्यमवर्गीय झाला आणि आवाज खाली आला. फडातला सोंगाड्या मैदानाशी बोलत होता, हे नट शेजारच्या खुर्चीशी बोलू लागले.

या बदलातली अडचण नुसत्या पट्टीची नव्हती. फडातला विनोद हशावर चालतो. वाक्य टाकायचे, हशा येऊ द्यायचा, तो उतरणीला लागला की पुढचे वाक्य त्याच्या शेपटीवर ठेवायचे. हशा विरू दिला तर गाडी थंडावते, आधी बोलले तर वाक्य वाया जाते. स्टुडिओत कुणी हसत नाही. हसणाऱ्याला दिग्दर्शक बाहेर काढतो. त्यामुळे सहा महिन्यांनी कुठल्यातरी अंधाऱ्या थिएटरात होणाऱ्या हशासाठी आज किती जागा सोडायची, याचा अंदाज नटाला डोक्यातच करावा लागतो. रंगमंचावर गाजलेले कितीतरी विनोदी नट पडद्यावर का पडले, याचे उत्तर बहुधा इथे मिळते.

भालजी पेंढारकर यांच्या जयप्रभा स्टुडिओच्या भोवती पुढची काही दशके कोल्हापूरचा चित्रव्यवसाय फिरला. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या दंगलीत स्टुडिओ जळाला, तो भालजींनी पुन्हा उभा केला. लोकनाट्यातून आलेले दादा कोंडके यांचा पडद्यावरचा प्रवेश भालजींच्याच 'तांबडी माती' (१९६९) मधून झाला. पाठोपाठ आलेल्या 'सोंगाड्या' (१९७१) या चित्रपटाने हा शब्दच त्यांच्या नावाला चिकटवला. कोंडके मुंबईच्या गिरणगावातले, कोल्हापूरचे नव्हेत. पण भोळेपणाच्या सुरात द्व्यर्थी वाक्य टाकायचे आणि अर्थ लावण्याचे पाप प्रेक्षकाच्या माथी मारायचे, ही त्यांची रीत बतावणीतलीच आहे. ती त्यांनी शोधून काढली असे म्हणणे फडांवर अन्याय करणारे आहे.

तमाशापटांच्या त्याच लाटेत कोल्हापूरचे गणपत पाटील (मृत्यू २००८) नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा, म्हणून गाजले. नाच्या आणि सोंगाड्या ही फडातली दोन वेगळी कामे. पाटलांचे नाव इथे घ्यायचे ते एका आवाजाची किंमत किती पडते ते दिसावे म्हणून. तो लाडिक हेल आणि कमरेवरचा हात पाहायला लोक येत राहिले, आणि इतर भूमिकांची दारे त्यांना लागली ती लागलीच. याच्या उलट उदाहरण सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचे. लहू आणि अंकुश खाडे ही त्यांची मूळ नावे. 'जहरी प्याला' या वगातली हवालदारांची जोडी इतकी गाजली की पात्रांची नावेच त्यांची झाली. दोघांचे चेहरे सारखे. विनोद उभा राहायचा तो एकाने वाक्य सोडले की दुसऱ्याने उचलण्यातल्या वेगावर.

रेडिओने चेहरा काढूनच घेतला. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि बोलीतल्या श्रुतिकांना, शेतकऱ्यांसाठीच्या संवादांना या भागातले आवाज लागू लागले. मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' मधले टेकाडे भावजी, म्हणजे प्रभाकर जोशी, इकडेही घरच्यासारखे ऐकले जात. फडातून आलेल्याला पहिला धडा मिळे तो ध्वनिक्षेपकापासून हातभर मागे सरकण्याचा. दुसरा, कागद न वाजवता उलटण्याचा.

हशा परत मिळवून दिला तो कथाकथनाने. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील (१९२६–१९९४) हे नट नव्हते, कथाकार होते. आकाशवाणीतही त्यांनी काम केले. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. वेश नाही, रंग नाही, एका जागी उभे राहून सगळा गाव बोलता करायचा. 'धिंड' सारखी कथा त्यांच्या तोंडून ऐकणे आणि पुस्तकात वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोंगाड्याच्या कलेतून सोंग वजा केले तर काय उरते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा दाखवता येणार नाही.

डबिंग हा या पेशाचा अलीकडचा फाटा. पन्हाळ्यावर, रंकाळ्याच्या काठी, उसाच्या फडात चित्रीकरण वाढले तसे वारा, बघ्यांची गर्दी आणि जनरेटर यांमुळे जागेवरचा आवाज निरुपयोगी ठरू लागला. मग तेच वाक्य बंद खोलीत, पडद्यावरच्या ओठांशी जुळवून पुन्हा बोलायचे. फिल्मच्या दिवसांत प्रसंगाच्या तुकड्याची दोन टोके जोडून लूप करत आणि तो जमेपर्यंत फिरवत. आता संगणकावर वाक्यावाक्याने काम होते. विनोदी कलावंताची इथे वेगळीच कोंडी होते : ओठ आधीच हललेले असतात, त्यामुळे थांबा कुठे घ्यायचा हे त्याच्या हाती राहत नाही. जाणकार मग वाक्यात न घेता श्वासात जागा काढतात. एक हुंकार, एक 'आं?', घशातली एक खरखर. पडद्यावर पाठमोऱ्या असलेल्या पात्राच्या तोंडी नवे वाक्य घुसवण्याची चोरी मात्र सर्रास चालते, आणि चित्रपटातला सर्वांत चांगला विनोद कधी कधी त्या पाठीतूनच येतो.

आवाज हेच भांडवल म्हटल्यावर त्याची झीजही आली. रात्रभर ओरडून बसलेल्या घशाला ज्येष्ठमध, लवंग, खडीसाखर हे ठरलेले उपाय. त्यातला खरा उपाय गप्प बसणे, आणि हंगामात तोच परवडत नाही.

जागेचाही या आवाजावर परिणाम झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर (१९१५), आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, हे ध्वनिक्षेपकाच्या आधीच्या काळातले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. जत्रेच्या कनातीत पुढे वरून टांगलेले ध्वनिक्षेपक आले, तेव्हा रंगमंचावर अदृश्य खुणा पडल्या : विनोद करायचा तर त्या लोंबत्या यंत्राखाली येऊन करायचा. जुने प्रेक्षक सोंगाड्या माइककडे सरकू लागला की आधीच हसायला लागत. आता कॉलरला चिमटीएवढा माइक लावतात. सोंगाड्या हवा तिथे फिरतो, कुजबुजतोही. आणि ढोलकीवाल्याच्या कानात सांगितलेली शिवी शेवटच्या रांगेपर्यंत जाते.