पट्टीपासून पावतीपर्यंत: सीमाभागातल्या बालवॉर्डांमागची लोकवर्गणी

श्रावण सरत आला की बेळगावच्या गल्ल्यांतून पावतीपुस्तकं फिरायला लागतात. आमच्या गल्लीच्या पावतीवर 'श्रीगणेशोत्सव वर्गणी' या छापील ओळीखाली एक ओळ रिकामी असते. पोरं तिच्यावर बॉलपेनानं 'बालरुग्ण' असं लिहितात आणि पुढं आकडा घालतात. पन्नास, शंभर, क्वचित पाचशे. मंडपाचा आकडा वर आणि आजारी मुलांचा खाली. हिशेबाच्या बैठकीत खालची बेरीज वेगळी वाचून दाखवतात, तेव्हा मागं बसलेली म्हातारी मंडळीही कान टवकारतात.

खालची ही ओळ कुणा एका दात्याला सुचलेली नाही. तिची मुळं शोधायची तर दवाखान्यांच्याही आधीच्या काळात जावं लागतं.

गावात देवी, पटकी किंवा प्लेग शिरला की गावकीचा पहिला उपाय पट्टी काढण्याचा असे. उंबऱ्यामागं ठरलेली रक्कम, नाहीतर पायलीभर जोंधळा. त्यातून मरीआईचा गाडा सजायचा आणि वेशीबाहेर नेऊन सोडला जायचा. वार पाळले जायचे, म्हणजे त्या दिवशी कुणी शेतात जायचं नाही. वडगावची मंगाई आजही आषाढात गर्दी खेचते. तिथं पदर पसरून मागितलं जातं ते बहुतेक लेकराबाळांसाठीच. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येईल, मीही तरुणपणी झालो होतो. पण वर्गणीच्या अंगानं पाहिलं तर यात एक पक्की शिस्त दिसते. रोगराई आली की खर्च एका घराचा राहत नाही, उंबऱ्याउंबऱ्यावर वाटला जातो. ज्याच्या घरी मूल आजारी नाही त्यालाही पट्टी चुकत नाही. आज विमा कंपन्या हेच तत्त्व इंग्रजीत समजावून सांगतात.

देवीच्या रोगावरचा खरा तोडगाही योगायोगानं इथंच तयार होत होता. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, सकाळी फिरायला येणारे आणि क्रिकेट खेळणारी पोरं तर रोजची. नावातल्या व्हॅक्सिनचा विचार मात्र फार थोडे करतात. मुंबई इलाख्यासाठी देवीची लस बनवणारी सरकारी संस्था या आवारात होती. वासरांच्या कातडीवर लस वाढवायची, खरवडून घ्यायची आणि डाकेनं गावोगाव धाडायची, अशी ती पद्धत. सरकारी पैशावर चाललेलं हे काम इथल्या मुलांसाठी कुठल्याही वॉर्डापेक्षा मोठं होतं. त्याला वर्गणी लागली नाही, म्हणूनच बहुधा त्याची आठवणही उरली नाही.

मूल दवाखान्यात ठेवायचं म्हणजे मिरज, हे समीकरण आमच्या आजीच्या पिढीत पक्कं होतं. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली तिथं रुग्णालय उघडलं. जागा संस्थानची आणि पैसा मुख्यतः अमेरिकेतल्या देणगीदारांचा. रेल्वे त्याआधीच आली होती, त्यामुळे खानापूरपासून रायबागपर्यंतचा माणूस गाडीत बसून सरळ मिरजेला उतरत असे. 'मिरजेला नेलं' या दोन शब्दांत दुखणं किती वाढलं ते कळायचं. नेण्याआधी भावकी जमायची आणि तिकिटाचे, औषधाचे, बरोबर जाणाऱ्याच्या भाकरीचे पैसे गोळा व्हायचे. त्याची पावती कुणी फाडत नसे, पण कुणी किती दिले ते घरातल्या बायकांच्या पक्कं ध्यानात असायचं आणि पुढं लग्नात-बारशात त्याची परतफेड व्हायची.

फक्त मुलांसाठी वेगळा वॉर्ड ही कल्पना आपल्याकडं तशी नवीच. परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ चं आणि तेही एका पारशी कुटुंबाच्या दानातून उभं राहिलेलं. जिल्ह्याच्या गावी तोवर आणि पुढंही बराच काळ मूल आईच्याच खाटेवर असायचं, शेजारी मोठ्या माणसांचा खोकला चालू.

लोकांकडून नियमित पैसा गोळा करायची आणि त्याचा जाहीर हिशेब द्यायची सवय मात्र राजकारणातून आली. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सव झेंडा चौकात १९०५ साली सुरू झाला, लोकमान्यांच्या प्रेरणेनं. १९१६ च्या एप्रिलात टिळकांनी होमरूल लीग स्थापली तीही याच शहरात. त्या काळात महाराष्ट्रभर दोन शब्द रुळले होते, मुष्टिफंड आणि पैसाफंड. मुष्टिफंडात घरची बाई रोजच्या स्वयंपाकाआधी मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायची आणि आठवड्यानं स्वयंसेवक ते घेऊन जायचा. पैसाफंड अंताजी दामोदर काळे यांचा. माणशी एक पैसा जमवत तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. दोन्हींत दाता गरीब होता आणि रक्कम इतकी लहान की नाही म्हणायला लाज वाटावी.

मंडळांनी ही रीत उचलली आणि तिच्यात आपली भर घातली, ती सवालाची. विसर्जनाआधी गणपतीसमोरचा नारळ, मोदकांचं ताट, मूर्तीच्या गळ्यातला हार यांची बोली लागते. वीस रुपयांचा नारळ दोन हजारांना जातो आणि घेणारा तो डोक्याला लावून घरी नेतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एका हातमागवाल्याच्या नातवासाठी असाच सवाल झाला. पोर सात महिन्यांचं, न्यूमोनियानं दवाखान्यात. शेवटची बोली बोलणाऱ्यानं पैसे दिले आणि नारळ परत ठेवून म्हणाला, 'आणि एकदा लावा की हो.' तो एकच नारळ त्या रात्री तीनदा विकला गेला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मागं राहिला आणि पुढं कोल्हापूर जिल्ह्यात आला. सीमाप्रश्नावर इतकं लिहिलं गेलंय की त्यात भर घालायची हौस नाही. पण दवाखान्याच्या रस्त्यावर या रेषेनं काय केलं ते फारसं कुणी मांडत नाही. निपाणी-चिकोडीचं मूल आजही कोल्हापूर-मिरजेकडं जातं, म्हणजे दुसऱ्या राज्यात. चंदगडचं मूल उलट बेळगावला येतं, कारण कोल्हापूर त्याला दुपटीहून लांब. दोन्हीकडचे बाप कागदांची पिशवी छातीशी धरून परक्या राज्याच्या खिडकीसमोर उभे, आणि तिथला पहिला प्रश्न ठरलेला, कार्ड कुठलं?

दानाच्या कायद्यातही ही रेषा शिरली आहे, आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दलच. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. तो झाला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. पण त्यातलं गरीब रुग्णांच्या खरोखर कामाचं कलम ४१ कक महाराष्ट्रानं १९८५ साली घातलं, म्हणजे बेळगाव तिकडं गेल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी. त्या कलमाखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये योजना घालून दिली. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या. कोल्हापूर-सांगलीतल्या न्यासाच्या दवाखान्यात गरिबाला या कलमाचं बोट धरता येतं, ते बेळगावच्या दवाखान्यात नाही. इथं सवलत मागायची तर व्यवस्थापनाच्या दारात हात जोडायचे किंवा गल्लीत पावतीपुस्तक काढायचं.

याच काळात बेळगाव स्वतः दवाखान्यांचं गाव होत गेलं. सात शिक्षकांनी १९१६ मध्ये काढलेल्या केएलई संस्थेनं १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. सिव्हिल हॉस्पिटलला जोडून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं. दरम्यान एक गोष्ट घडली जी इथल्या लोकांनाच माहीत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांमध्ये १६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रोखता येतो का, ते नर्सबाईंच्या हातून पाहायचं होतं. रक्तस्राव निम्म्यावर आला. २००६ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आई वाचली तर तान्ह्या मुलाचे दिवस वाढतात, हे कुणाला सांगायला नको. आणि या गोळ्यांवर कुणा दात्याचं नाव कोरलेलं नव्हतं.

२०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत झाले, आधी तीस दिवसांपर्यंत आणि नंतर वर्षापर्यंतच्या मुलाला. जिल्हा रुग्णालयांतून नवजात बालकांचे विशेष कक्ष उभे राहिले. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक एकत्र आले, कार्डधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच मिळालं. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकानं त्यावर हरकत घेतली. इतकी छत्रं डोक्यावर असताना गल्लीला पैसे का जमवावे लागतात, असा प्रश्न बाहेरचा माणूस हमखास विचारतो.

उत्तर वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेलं असतं. बाळ आत काचेपलीकडं आणि आई बाहेर, टाके ओले. तीन तासांनी नर्स हाक मारते, ती दूध काढून वाटीत देते आणि परत येऊन बसते. बाप वडगावात पॉवरलूमवर. माग बंद ठेवला तर मजुरी नाही, चालू ठेवला तर चिठ्ठी घेऊन पळायला माणूस नाही. बरोबर आलेल्या आजीचं जेवण, खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावाहून येण्याजाण्याचा खर्च, आत नसलेलं एखादं औषध, सुट्टीच्या दिवशी बाहेर करावी लागणारी तपासणी, हे कुठल्याच पॅकेजात बसत नाही. वीस दिवस असे गेले की मोफत उपचारानंही घर कर्जात जातं. आमच्या खालच्या ओळीचे पैसे बहुतेक याच खड्ड्यात पडतात, आणि पडावेतही.

पण देणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला वस्तू हवी असते. मागं एका दवाखान्याला काही मंडळांनी मिळून वॉर्मर दिला. उघड्या पाळण्यासारखं यंत्र, वर तापणारी दांडी आणि बाळाच्या पोटाला चिकटवायचा एक सेन्सर, त्यावरून उष्णता कमी-जास्त होते. हार घातला, फोटो निघाला, पितळी पाटी बसली. दीड वर्षानं आम्ही गेलो तर यंत्र कोपऱ्यात चादर पांघरून उभं. चिकटवायचा तो सेन्सर तुटला होता. देखभालीचा वार्षिक करार कुणी केलाच नव्हता, कारण देणगीच्या ठरावात यंत्राची किंमत होती आणि कराराची नव्हती. त्यांनी आम्हाला कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. चूक निम्मी आमची, असं मी बैठकीत म्हणालो तेव्हा दोघेतिघे रागावले. पाटी मात्र लखलखीत होती.

त्या खेपेला तिथल्या एका सिस्टरनं काय द्यायला हवं ते सांगितलं, तेव्हा आम्हाला हसू आलं. टेकून बसायच्या खुर्च्या आणि पुढून बांधायचे सुती झगे. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून तासन्‌तास धरायचं, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली आणि ती जगभर गेली. बाई साध्या स्टुलावर किती वेळ बसणार? शहापूरच्या एका शिंप्यानं झगे शिवून दिले, मजुरी घेतली नाही. खुर्च्यांवर पाटी लावायला जागाच नव्हती. त्यामुळे त्या वर्षी वर्गणी थोडी कमी पडली, हेही खरं.

आता पावतीपुस्तकाशेजारी क्यूआर कोड आलाय. पुण्यात नोकरी करणारा गल्लीतला पोरगा तिथूनच पाचशे पाठवतो, हे चांगलंच. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो येतो आणि तो कुठल्या गावचा, कुठल्या वर्षाचा, कुणी सांगू शकत नाही. म्हणून आमच्याकडं नियम साधा केलाय. मंडळातले दोघे जाऊन बिल बघतात आणि पैसे दवाखान्याच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या खात्यावर जातात. मोठ्या दात्याला आयकरात सूट हवी असेल तर ८० जी असलेल्या संस्थेकडं वळवतो, कारण मंडळाच्या पावतीवर ती मिळत नाही, आणि तिथंही दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही. एका व्यापाऱ्याला हे सांगितल्यावर त्यानं दोन हजारांची संस्थेची पावती घेतली आणि वरचे तीन हजार मुकाट्यानं आमच्या खालच्या ओळीवर लिहिले.

यंदाची पुस्तकं गेल्या आठवड्यात छापून आली. 'बालरुग्ण निधी' ही ओळ आता छापील आहे, मराठीत आणि कन्नडात. छापखानेवाल्यानं कन्नड ओळीचे पैसे लावले नाहीत. त्याच्या खाली पोरांनी आणखी एक ओळ रिकामी सोडून घेतली आहे. कशासाठी विचारलं तर म्हणाले, देखभाल.